भीती शिकवणाऱ्या बाई

“पुन्हा हसलीस?” बाईंनी कमरेवर हात ठेवले. “अगं, कपाटात मेलेला माणूस उभा आहे आणि तू दात काढतेस?”

“पण कपाटात नुसता हिरवा कपडा आहे, बाई. त्याला इस्त्रीसुद्धा नाही.”

दिवे सांभाळणारे खुदकन हसले. दिग्दर्शक हसला नाही. तो तिशीचा, हळू बोलणारा माणूस होता. त्यानं घड्याळ पाहिलं. सकाळपासून हा अकरावा प्रयत्न होता.

मुलगी नऊ वर्षांची. निवडीच्या वेळी तिनं अशी किंकाळी फोडली होती की आवाज टिपणाऱ्यानं कानावरचे हेडफोन काढून टाकले, आणि तेव्हापासून तिचं नाव शिट्टी पडलं. आवाज जबरदस्त, पण त्यात भीती औषधालाही नव्हती. ती आणण्यासाठी बाईंना बोलावलं होतं.

बाई एकसष्ट वर्षांच्या. भुताखेतांच्या सिनेमात पोरांना घाबरायला शिकवणं हा त्यांचा वीस वर्षांचा धंदा. त्याआधी त्या स्वतः नाटकात होत्या. अकराव्या वर्षी रंगमंचावर त्यांना ओरडता येईना, तेव्हा पडद्याआडून नाटक कंपनीच्या मालकानं दंडात टाचणी खुपसली होती. टाळ्या कडकडून पडल्या. मालक म्हणाला, “बघ, जमलं की नाही?” तेव्हापासून बाईंनी मनाशी खूणगाठ बांधली होती: भीती शिकवायची, पण पोरावर ओरखडाही न उठू देता. श्वास कुठं अडकवायचा, नजर आधी वळवायची आणि मान मागून, आवाज पोटातून कसा काढायचा, सगळं त्या पाढ्यांसारखं घोकून घेत. शेवटी पोराकडून हात झटकून घेत आणि म्हणायला लावत, “हे खोटं होतं, मी ठीक आहे.”

पण आठ महिने कुणी बोलावलं नव्हतं. हे काम मिळालं तेव्हा बहिणीला सांगताना बाईंचा आवाज कापला होता.

“बाई,” दिग्दर्शक जवळ येऊन म्हणाला, “तुम्ही जरा खाली जाऊन चहा घ्या ना. तुम्ही समोर असलात की ती तुमच्याचकडे बघते.”

बाईंना ते पटलं. त्यांनी शिट्टीच्या डोक्यावर टपली मारली. “मी खालीच आहे. न हसता कर, शहाणे.”

“तुम्ही जाऊ नका ना.”

“आले गं लगेच.”

खाली गाडीवाला चहा ओतत होता. बाईंनी दोन घोट घेतले असतील नसतील, वरून किंकाळी आली. मधेच तुटली, पुन्हा वर चढली आणि जिनाभर घुमली. गाडीवाल्याच्या हातून चहा सांडला.

“ऐकलंत?” बाईंचे डोळे चमकले. “पोटातून आली! तीन आठवडे घासलंय मी तिला.”

“अंगावर काटा आला, बाई.”

गुडघ्याची तक्रार विसरून बाई जिना चढल्या. वर टाळ्या चालल्या होत्या. शिट्टी कपाटासमोर जमिनीवर बसली होती आणि थरथरत होती. बाई दोन्ही हात पसरून पुढं झाल्या, “अगं माझी वाघीण ती!”

शिट्टीनं वर पाहिलं आणि ती मागं सरकली, कपाटाच्या दारापर्यंत. मग उठली, धावत आली, बाईंचे गाल, हात, पोट चाचपून पाहू लागली.

“तुम्ही मेलात ना? जिन्यावरून पडलात ना? डोकं फुटलं ना?”

बाईंनी दिग्दर्शकाकडे पाहिलं. तो कॅमेऱ्यात बघत होता. कोपऱ्यात शिट्टीची आई उभी होती. ती पुटपुटली, “एका मिनिटाचा तर प्रश्न होता. मलाही विचारलं त्यांनी.”

शिट्टीची बोटं बाईंच्या साडीत रुतली होती. ती एकदम दिग्दर्शकाकडे वळून किंचाळली, “तुम्ही खोटारडे आहात! मी नाही करणार आता काही!”

अजून पस्तीस दिवसांचं काम बाकी होतं. दिग्दर्शक उकिडवा बसला आणि गोड आवाजात म्हणाला, “अगं वेडे, मी कुठं? बाईंनीच तर सुचवलं. विचार त्यांना.”

मग त्यानं बाईंकडे पाहिलं. त्या नजरेत धमकी नव्हती, नुसती वाट पाहणं होतं.

बाईंना दोन गोष्टी आठवल्या. एक म्हणजे घरातले ते आठ महिने. दुसरी म्हणजे पोरीला याच माणसासोबत पस्तीस दिवस काढायचे आहेत, तिला तो नकोसा होऊन कसं चालेल. दोन्ही कारणं खरी होती, पण आठवली ती याच क्रमानं.

“हो गं,” बाई म्हणाल्या. “तुझ्याच भल्यासाठी.”

साडीतली बोटं एकेक करून सुटली.

पुढचे दोन दिवस शिट्टीनं सगळं पहिल्याच फटक्यात केलं. श्वास बरोबर, नजर बरोबर, मान बरोबर. दिग्दर्शक सगळ्यांसमोर म्हणाला, “बाई, मानलं तुम्हाला.” पोरगी एकदाही हसली नाही. बाई हात झटकून घ्यायला गेल्या की ती म्हणे, “झटकले मी.” बाईंना झोप लागेना. बहिणीनं विचारलं तर म्हणाल्या, “काही नाही, काम छान चाललंय.”

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या मेकअपच्या खोलीत गेल्या. शिट्टी उंच खुर्चीवर आरशासमोर बसली होती, मेकअपवाला तिच्या डोळ्यांखाली काळं लावत होता. बाई खुर्चीला धरून उभ्या राहिल्या. मेकअपवाल्यासमोरच बोलावं लागलं, कारण नंतर धीर झाला नसता.

“मी नव्हतं सुचवलं. मला ठाऊकच नव्हतं गं. मी खाली चहा पीत होते. तुझा आवाज ऐकला आणि मला वाटलं, तुला जमलं. मला आनंद झाला, बघ. मी हो म्हणाले ते घाबरून.” त्यांचे डोळे भरले. “माझं चुकलं.”

शिट्टीनं आरशातून त्यांना नीट न्याहाळलं, बराच वेळ.

“छान केलंत, बाई,” ती म्हणाली. “पाणीपण आलं.”

मग तिनं डोळे मिटून चेहरा मेकअपवाल्यासमोर धरला.

“बाई, जरा बाजूला होता का?” मेकअपवाला म्हणाला. “उजेड अडतोय.”

बाई बाजूला झाल्या.