वाढत्या मापाची टाकी

मित्रांनो, मी एक जुनी टाकी आहे. पाचशे लिटरची. अडीअडचणीला पिण्याचं पाणी हाताशी असावं म्हणून मला घरात आणलं, पण अडचण आली तेव्हा मी काही कामाची राहिले नव्हते.

साच्यातून निघाले तेव्हा माझं अंग दुधी होतं, आतलं पाणी बाहेरून दिसेल असं. दुकानात माझ्या शेजारी एक छोटी काळी टाकी होती. एका सकाळी तिथे मास्तर आणि त्यांची बायको आली. मास्तर म्हणजे शिंपी. जन्मभर लहान मुलांचे कपडे शिवलेले. दुकानदारानं सांगितलं की दोघांना काळी पुरे, तिच्यात ऊन शिरत नाही, आणि पाणी लवकर संपत असल्यानं ताजं राहतं. बायकोलाही तीच पसंत होती. पण मास्तरांनी खिशातला टेप काढून माझ्या पोटाभोवती गुंडाळला आणि खूश झाले.

"माप नेहमी वाढतं घ्यावं," ते म्हणाले. "उद्या मुलगा-सून राहायला आली तर?"

"येतील तेव्हा बघू. आत्ता तर आपण दोघंच आहोत ना?" बायको म्हणाली. पण मापाच्या बाबतीत मास्तरांपुढे तिचं कुठलं चालायला!

माझी रवानगी अंगणात झाली. सुरुवातीला कौतुक फार. मास्तर येणाऱ्याजाणाऱ्याला बाहेरूनच पाण्याची पातळी दाखवत. पाणी वरचेवर बदला, असं दुकानदारानं बजावलं होतं. पण चिंधीही जपून ठेवणारा तो माणूस. एवढं पाणी ओतून द्यायला त्यांचा जीव होईना. मुलगा-सून काही आली नाहीत. वर्ष गेलं. उन्हानं माझ्या आत हिरवं शेवाळ धरलं. मला कळत होतं, पण टाकीला तोंड असलं तरी वाचा नसते.

मग एकदा नळाला पाणी येईना. घरातले हंडे तीन दिवस पुरले. चौथ्या दिवशी बायकोला जुलाब-उलट्या सुरू झाल्या, ओठ सुकले. मास्तर भांडं घेऊन धावत आले. माझ्या पाण्याला वास येत होता. उकळत बसायला त्यांना धीर नव्हता. त्यांनी घरातलं सगळ्यात तलम कापड चौपदरी करून पाणी गाळलं. कापडावर त्यांचा फार विश्वास. पाणी स्वच्छ दिसलं. ती दोन पेले प्याली.

दुपारी तिला दवाखान्यात नेलं. ती परत आली नाही. आधीच्या दुखण्यानं गेली की माझ्या पाण्यानं, हे कुणालाच ठामपणे सांगता आलं नाही. मास्तरांना मात्र शंका नाही. मलाही नाही.

मित्रांनो, टाकी घ्याल तर गरजेपुरती घ्या, ऊन न शिरणारी घ्या, आणि साठवलेल्या पाण्याचा लोभ धरू नका. माझ्या बाबतीत हे शहाणपण उशिरा आलं. शेजारी म्हणाले, भंगारात द्या. मास्तरांनी ऐकलं नाही. त्यांनी मला जाड काळ्या कापडाचा अंगरखा शिवलाय, अगदी अंगाबरोबर. दर आठवड्याला ते मला रिकामी करतात, घासतात, पुन्हा भरतात. आता माझं पाणी नितळ असतं. मास्तर त्यातला थेंबही पीत नाहीत.