वॉर्डातला हिरवा पडदा

मी एक जुना पडदा आहे. खिडकीचा नव्हे, मित्रांनो, दवाखान्यातला. लोखंडी चौकट, दुमडणारे तीन पाखे, खाली चाके आणि अंगावर हिरवे कापड. अकोल्याच्या अब्दुल सत्तार मिस्त्रींनी माझी चौकट जोडली आणि त्यांच्या घरच्या सुरैय्याबींनी कापड शिवले. "सरकारी काम आहे, पण टाका पक्का घाल," असे मिस्त्री म्हणाले होते, ते मला अजून आठवते.

तिथून ट्रकात बसून मी अमरावती जिल्ह्यातल्या एका लहान दवाखान्यात आलो. गावाचे नाव सांगत नाही. का, ते पुढे कळेलच.

सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. पाहणीला साहेब येणार म्हणून मला पुसून दारात उभे केले. साहेब गेले आणि मला व्हरांड्यात ढकलले. मग माझ्यावर ओल्या चादरी वाळू लागल्या. एका कोंबडीने तर माझ्या वरच्या दांडीवर मुक्कामच ठोकला.

ते कापसाचे वाईट दिवस होते. फवारणीचे औषध पिऊन माणसे दवाखान्यात यायची. त्यांच्यामागून फोटोवाले यायचे. पंचफुला नावाच्या एका तरुण बाईचा नवरा असाच आणला होता. तो वाचला नाही. केस मोकळे सुटलेले, ती रडतेय, असा तिचा फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात आला. पुढे ती साध्या तापासाठी आली, तरी पदराने तोंड झाकून बसायची. वॉर्डातल्या गजाला सिस्टरने ते पाहिले. ती व्हरांड्यात आली. तिने कोंबडी हाकलली, चादरी काढल्या आणि मला ओढत वॉर्डात नेले.

गजाला सिस्टर माणिकबाई सिस्टरांच्या हाताखाली शिकलेली. माणिकबाई साध्या फोडावर पट्टी बांधतानाही आधी पडदा ओढायच्या म्हणे. पण आमच्या वॉर्डातल्या शालू सिस्टरला हे पटत नसे.

"एवढ्या पेशंटमागं आपण दोघी," ती म्हणायची. "पडदे ओढत बसू का सुया देऊ?"

शालू वाईट नव्हती, मित्रांनो. ती थकलेली होती. थकवा घालवायला ती चहाच्या टपरीवर पेशंटचे किस्से सांगायची.

एके दिवशी सकाळी भगवंतराव नावाच्या शेतकऱ्याला बैलगाडीतून आणले. मागे त्यांची बायको आशाबाई आणि शेजारचा सहदेव. आशाबाईंनी गावभर एकच हंबरडा फोडला होता, "यायनं औषध घेतलं हो!" त्या दिवसांत 'औषध घेतलं' म्हटले की लोक एकच अर्थ काढत.

गजाला सिस्टरने मला सरकवून आडोसा केला, सलाईन लावली आणि हळू आवाजात विचारले, "काका, कोणतं औषध घेतलं?"

भगवंतरावांनी आजूबाजूला पाहिले. "एरंडेल," ते म्हणाले.

"काय?"

"लग्नात तुपातले रोडगे जास्त खाल्ले, माय. पोट साफच होईना. मंग एरंडेल घेतलं. त्यानं काई होईना म्हणून बाटलीच लावली तोंडाले. आता थांबूनच नाई राहिलं!"

पलीकडे उभ्या शालूने तोंडात रुमाल कोंबला.

"सिस्टर, कोणाले सांगू नका," भगवंतराव काकुळतीला आले. "माह्या पोरीले, आरतीले, पाहाले पाहुणे येऊन राहिले. लोक हसतीन."

"काका, इथलं इथंच राहते," गजाला म्हणाली. मग तिने शालूकडे असे पाहिले की रुमाल आणखी आत गेला.

पण तोवर 'औषध घेतल्याची' बातमी तालुक्याला पोहोचली होती. दुपारी शेषरावभाऊ आले. मोठे पुढारी. सोबत फोटोवाला आणि केळ्यांचा घड.

"सिस्टर, पडदा सरकवा."

"आत पेशंट आहे, भाऊ."

"त्यालेच तं भेटाले आलो!"

"थांबा, त्यायले विचारते." ती आत आली, विचारून बाहेर गेली. "नाही म्हणतात."

"बरं, त्यानं औषध घेतलं का नाई, तेवढं सांगा."

"ते मी सांगू शकत नाही."

"म्हणजे घेतलं!"

"तसंही म्हटलं नाही मी."

भाऊंचा चेहरा लाल झाला. "कावून एवढी अकड दाखवून राहिल्या? सेमाडोहले बदली करून टाकीन! मंग वाघायले पडदे लावत बसा!"

मोठे डॉक्टर धावत आले. त्यांनी भाऊंकडे पाहिले आणि मान खाली घालून म्हणाले, "सिस्टर, थोडासा सरकवा ना. दोन मिनिटं."

गजालाने माझी चौकट दोन्ही हातांनी धरली. घरी तिची लहानगी नगमा होती, सासू अंथरुणावर होती. सेमाडोह म्हणजे जंगलातले गाव. तरी ती हलली नाही.

तेवढ्यात माझी दुसरी बाजूही कोणीतरी घट्ट पकडली. ती शालू होती. तोंडात रुमाल नव्हता.

"पेशंट नाही म्हणाले, सर," ती म्हणाली.

भाऊंनी रागाने केळी माझ्याच पुढे धरली, फोटोवाल्याने घाईत बटण दाबले. आणि माझ्या डोक्यावरून, हातात सलाईनची बाटली उंच धरलेले भगवंतराव उगवले.

"ओ शेषरावभाऊ! त्या पोरीले कावून तरास देऊन राहिले? एरंडेल घेतलं मी, एरंडेल! जुलाब लागले मले! आता सरका बाजूले, नाई तं तुमच्या धोतराची जबाबदारी माही नाई!"

भाऊ एवढ्या चपळाईने सरकले की मोठे डॉक्टर भिंतीला लागले. भगवंतराव बाटलीसकट संडासाकडे धावले. वॉर्ड खो खो हसला. माझीसुद्धा चाके हलली.

"केळी राहू द्या, भाऊ," आशाबाई म्हणाल्या. "जुलाबावर चांगली असतात."

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. 'शेतकऱ्याला धीर देताना शेषरावभाऊ.' फोटोत भाऊ मला केळी देत होते.

संध्याकाळी पाणावलेल्या डोळ्यांनी गजाला सिस्टर भगवंतरावांना म्हणाली, "काका, तुमी कावून सांगितलं? मी तर कोणाले सांगितलं नव्हतं."

"म्हणूनच सांगितलं," ते म्हणाले. "माहं होतं. तुह्यावर आलं, तं माह्यानं पाहावलं नाई."

पाहुणे आले, त्यांना सगळे आधीच ठाऊक होते. होणाऱ्या व्याह्यांनी फक्त एवढेच विचारले, "लग्नात रोडगे ठेवायचे का?" आणि सोयरीक जुळली.

गजालाची बदली मात्र झाली. पाच-सहा महिन्यांनी, सेमाडोहलाच. कोणी म्हणाले भाऊंनी केली, कोणी म्हणाले तिची बदलीची पाळीच आली होती. नगमाला कडेवर घेऊन ती गेली, सासूला पलंगासकट नेले. जाताना तिने माझा फाटलेला पाखा शिवला.

शालू आता टपरीवर फक्त चहा पिते. नवी आलेली सिस्टर कंटाळली, की शालू स्वतः उठून मला ओढते. नव्या मुलीही आता तसेच करू लागल्या आहेत.

मित्रांनो, माझे कापड विटले आहे, एक चाक कुरकुरते. जमले तर तेलाचा एक थेंब घाला. पण दवाखान्यात कोणाला भेटायला याल आणि मी मध्ये उभा दिसेन, तेव्हा माझ्या अलीकडेच थांबा आणि विचारा. आतला माणूस 'या' म्हणाला, तरच या. नाही म्हणाला, तर केळी सिस्टरजवळ ठेवून घरी जा.