चढावरचा बाक

नव्या आराखड्यावर लोकांचं म्हणणं ऐकायला वॉर्ड ऑफिसात साहेब बसले होते. शिंपीणकाकूंनी नकाशावर बोट ठेवलं. "या चढाच्या मध्यावर एक बाक हवा."

"काकू, चढ जेमतेम दोनशे पावलांचा," तरुण इंजिनिअर हसला. "बाक वरच्या बागेत दिलेत की!"

"मग दाखवा बरं चढून," म्हणत काकूंनी शिवलेल्या पडद्यांचं गाठोडं त्याच्या खांद्यावर दिलं. सभा सोडून सगळी मंडळी गंमत बघायला मागोमाग निघाली.

पहिली शंभर पावलं इंजिनिअर ऐटीत चढला. मग त्याच्या छातीचा भाता झाला आणि त्यानं रस्त्याकडेलाच बसकण मारली. काकूंनी कापड आखायच्या खडूनं त्याच्याभोवती चौकोन काढला. "हलू नका. माप घेतलंय!"

लोक खो खो हसले. धापा टाकत पोचलेल्या साहेबांनी तिथंच उभ्याउभ्या मंजुरीची सही केली.

तीन महिन्यांत बाक आला, पण काकूंची पंचाईतच झाली. कधीही जा, अख्खी गल्ली त्यावर ठाण मांडून बसलेली. आता त्या दुसऱ्या बाकासाठी अर्ज लिहिताहेत आणि मसुदा इंजिनिअर तपासून देतोय.