मंडळीचा पितळी प्याला

मी एक जुना पितळी प्याला आहे, मित्रांनो. तिसगावच्या चर्चमधल्या कपाटात पडून असतो. खरं सांगतो, आता फार थकलो आहे. कल्हई विटली आहे, एक कान सैल झाला आहे.

नगरच्या तांबटाने मला ठोकून घडवले. येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून प्रभुभोजन असे, त्या रविवारी माझ्यात द्राक्षरस ओतत. आमच्या चर्चच्या मंडळीत धर्मगुरू, म्हणजे पाळक, स्वतः प्याला फिरवत नसत. प्रत्येकाने घोट घेतला की शेजाऱ्याच्या हातात मला द्यायचे आणि म्हणायचे, "घ्या, तुमच्याहीसाठी." पण ज्याच्याशी अबोला, त्याच्या हातून कसे घ्यायचे? म्हणून लोक आदल्या दिवशीच एकमेकांच्या घरी जात, चहा पीत, भांडण मिटवत. कितीतरी झुपकेदार मिशा मी सोसल्या, पण कुरकुर केली नाही.

मग करोना आला आणि प्लास्टिकच्या इवल्या प्याल्या आल्या. स्वच्छतेचे मलाही पटले. पण आता ज्याने त्याने आपला घोट घ्यावा आणि मोकळे व्हावे. साराबाईंचे मुलगे, प्रभुदास आणि मार्क, विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून भांडले ते भांडलेलेच राहिले. एक या भिंतीला बसे, दुसरा त्या भिंतीला. दोघेही प्रभुभोजन मात्र चुकवत नसत. मला फार वाईट वाटे.

गेल्या महिन्यात साराबाईंना खुर्चीत बसवून चर्चमध्ये आणले. दुखणे बरे होणारे नव्हते. त्यांनी इवली प्याली परत केली.

"पाळकसाहेब, तो जुना प्याला काढा. माज्या पोरांच्या हातनं आला तर घेईन."

"आई, हट्ट नको करू," प्रभुदास म्हणाला. "तू घे. आमचं आमी बघू."

"तुमाला मागं ठिवून मी एकटीच तरून काय करू?"

मला काढून धुतले, भरले. प्रभुदास मला घेऊन मार्कसमोर जाऊन उभा राहिला. मार्क उठला.

"दे दादा."

दोघांनी मिळून मला आईच्या ओठांशी नेले. तिने तोंड फिरवले.

"आदी तुमी दोगं."

दोघांनी एकेक घोट घेतला. मग तिने घेतला. मी इतका हलका कधीच झालो नव्हतो.

पाण्याचा वाद अजून मिटलेला नाही. पण आता ते एकाच बाकावर बसून वाद घालतात. मी पुन्हा कपाटात आहे.

मित्रांनो, मला कल्हई केली नाही तरी चालेल. पण आपले कुणी मागे राहिले असेल तर त्याच्यासाठी थांबा. साराबाई थांबल्या होत्या, आणि त्यांच्यापाशी तर वेळच उरला नव्हता.