शांत मुलीचा बस्ता

संयोगिताच्या आवाजाची शिरोलीत अशी ख्याती होती, की शाळेच्या मैदानावर तिला शिट्टी लागायचीच नाही. "ए पोरींनो, रेषेवर या की गं," एवढं तिनं म्हटलं, की कबड्डीच्या पोरी तर धावत यायच्याच, पण रस्त्यापलीकडच्या फौंड्रीचा वॉचमनही दचकून खुर्चीतून उठायचा.

तीच संयोगिता आज कोल्हापूरच्या महाद्वार रोडवरच्या साडीच्या दुकानात पांढऱ्या गादीवर मांडी घालून बसली होती. तोंड मिटून. कुणी काही विचारलं की ते जरासं उघडायचं आणि त्यातून "हो" नाहीतर "नाही" बाहेर पडायचं. की परत मिटलं.

तिच्या लग्नाचा बस्ता चालला होता. दोन्हीकडची माणसं समोरासमोर बसून लग्नाचे सगळे कपडे एकदमच काढत होती. एका बाजूला संयोगिता, तिची आई मीनाबाई, वडील आण्णा आणि दहावीतली धाकटी बहीण वर्षाराणी. समोर पुण्याहून आलेला नवरामुलगा ऋतुराज, त्याची आई आणि त्याची काकू. मधे दुकानातले केरबाभाऊ, घडीवर घडी उलगडत. पंखा गरगरत होता, चहा येत होता, आणि संयोगिताच्या मांडीवर साड्यांचा ढीग वाढत होता. पिस्ता. फिका अबोली. राखाडीकडं झुकणारा निळा. दुधात हळदीचं बोट बुडवावं तसा पिवळा.

"शांत मुलीला शांत रंगच शोभतात," काकू म्हणाली आणि मोतिया रंगाची आणखी एक साडी ढिगावर ठेवली. "आवडली ना गं?"

"हो," संयोगिता म्हणाली.

तिला ती साडी डोळ्यांसमोरही नको होती.

हे सगळं सुरू झालं बघायच्या कार्यक्रमापासून. म्हणजे खरं तर त्याच्याही आधीपासून. त्याआधी एक स्थळ आलं होतं, तेही पुण्याचंच. मुलगी पसंत पडली, पोहे पसंत पडले, आणि मग निरोप आला की मुलगी चांगली आहे, पण बोलणं जरा गावठी वाटतं. त्या दिवशी आण्णा जेवले नाहीत. "आमचं बोलणं कसं, लाकूड फोडल्यागत," ते म्हणाले. "ठाक केलं की दोन तुकडं. त्येला गावठी म्हनत्यात व्हय?" रागानं त्यांनी टीव्ही बंद केला, मग बातम्या राहिल्या म्हणून परत लावला.

ऋतुराजचं स्थळ आलं तेव्हा घरात बैठक बसली. वर्षाराणी वक्तृत्व स्पर्धांचे कप जिंकून आणायची, त्यामुळे या विषयातली तज्ज्ञ तीच.

"आक्का, तू फकस्त दोन शब्द बोलायचं," ती म्हणाली. "हो आणि नाही. 'व्हय' न्हवं, 'न्हाय' न्हवं. आणि 'मी आलो, मी गेलो' तर तोंडातनं काढूच नको. पुण्यात बायका 'आले' आणि 'गेले' म्हणतात."

"मग काय सोंगासारखी बसू?"

"बसायचं तेवढं अर्धा तास. पुढचं पुढं."

मीनाबाई भाकरी थापत होत्या. त्या मूळच्या चंदगडच्या. "मी ह्या घरात आलो तवा काय हुतं ठावं हाय?" त्या तव्याकडं बघतच म्हणाल्या. "माझ्या आईला 'आव्वा' म्हटलं की तुझ्या आत्या दारामागं जाऊन हसायच्या. मग मी तोंडच बंद क्येलं. वरीसभर. ऐकत ऐकत तुमच्यागत बोलाय शिकलो. गप ऱ्हायलं की निभतंय गं."

निभलं. इतकं छान निभलं की पुण्याच्या मंडळींनी निघता निघताच होकार दिला, आणि ऋतुराजची आई मीनाबाईंचा हात हातात घेऊन म्हणाली, "आम्हाला अशीच शांत मुलगी हवी होती."

इथं गाडी फसली. अर्ध्या तासाचं सोंग संयोगिताच्या अंगाला चिकटून बसलं. ऋतुराजचा फोन यायचा, ती "हो", "नाही", "बरं" म्हणायची. तो ठेवला की मात्र मेसेजवर पानंच्या पानं लिहायची, कारण लिहिताना काय, शाळेतलं मराठी आपोआप उतरतं. "लिहितेस किती छान," तो म्हणायचा, "बोलताना मात्र लाजतेस." एकदा तिनं धीर करून म्हटलं, "मला जरा बोलायचं आहे." तर तो हसून म्हणाला, "आईला तुझा शांतपणा इतका आवडलाय, नातेवाइकांत तेच कौतुक चाललंय." मग तिनं काय बोलायचं होतं ते गिळलं आणि "बरं" म्हणाली.

माणूस चांगला होता, हीच पंचाईत. वाईट असता तर मोडून टाकलं असतं. पण हॉल ठरला, पत्रिका वाटून झाल्या, आणि तिला स्वप्नात ऋतुराजचा पुण्यातला, फोटोत पाहिलेला फ्लॅट दिसायला लागला. हॉल, किचन, बाल्कनी आणि त्यात ती, घशात बूच मारल्यासारखी. खाली भाजीवाला चाललाय आणि तिला त्याला हाक मारता येत नाही. अशी किती वर्षं, याचा विचार तिनं सोडून दिला होता. आईनं एक वर्ष काढलं ते स्वतःच्याच जिल्ह्यात.

"दमलीस का?" ऋतुराजनं गादीच्या पलीकडून विचारलं.

"नाही."

वर्षाराणीनं पदराखालून तिचा हात दाबला. शाबास, असा. संयोगिताला तो हात झटकून टाकावासा वाटला.

केरबाभाऊंच्या मागं, वरच्या कप्प्यात, एक डाळिंबी साडी होती. गडद, रुंद जरीकाठाची. दुकानात पाऊल टाकल्यापासून संयोगिताची नजर तिथं जात होती आणि परत खाली येत होती. आईला ते कळलं. आयांना कळतं. मीनाबाईंनी घसा खाकरला, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि जमेल तेवढ्या नीट बोलीत म्हणाल्या, "भाऊ, त्यो वरचा रंग जरा काढून दाखवा बगू."

केरबाभाऊ वळले. काकूनं ऋतुराजच्या आईकडं बघून हळूच ओठ मुडपले. "त्यो वरचा," ती पुटपुटली. "किती गोड बोलतात नाही या बाजूला?"

तिच्या मनात काही वाईट नसेलही. पण मीनाबाईंनी ऐकलं. त्यांनी पदर तोंडावर धरला आणि भाऊंना म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. नको."

संयोगितानं आईकडं पाहिलं. केस पांढरे झालेली, दोन मुली वाढवलेली बाई पदराआड अशी बसली होती, जणू दारामागं कुणीतरी अजून हसतंय.

"केरबाभाऊ," संयोगिता म्हणाली.

मैदानावरचा आवाज होता तो. शर्टपिसांच्या काउंटरवरची माणसंसुद्धा वळली.

"त्यो वरचाच काढा. डाळिंबी. आणि ही फिक्की लुगडी आधी माझ्या मांडीवरनं उचला. कवाधरनं दवाखान्यात भरती झाल्यागत वाटाय लागलंय मला."

वर्षाराणीनं डोळे मिटून घेतले. आण्णांच्या हातातला चहाचा कप वाटेतच थांबला. केरबाभाऊ मात्र खरे कोल्हापूरचे, त्यांनी लगेच ढीग उचलला आणि डाळिंबी साडी फडकन उलगडली.

पहिली शुद्धीवर आली ती काकू. आणि ती रागावली नाही, हे सगळ्यात वाईट.

"अय्या, म्हणजे तुला बोलता येतं की," ती टाळी वाजवून म्हणाली आणि पर्समधून मोबाइल काढला. "काय ते, दवाखान्यात भरती झाल्यागत? थांब, थांब, परत म्हण ना एकदा. फॅमिली ग्रुपवर टाकते. सगळे खूश होतील. असंच बोलत जा हं तू, पाहुण्यांसमोर काय मजा येईल."

मोबाइलचा डोळा संयोगिताकडं वळला. आणि तिला एकदम कळलं, की एका खोलीतून निघून ती दुसऱ्या खोलीत आली आहे आणि हिलाही बाहेरून कडी आहे. आता दर सणाला, दर बारशाला कुणीतरी म्हणणार, म्हणून दाखव. आणि ती म्हणून दाखवणार, जत्रेतल्या खेळासारखी.

"काकू, फोन ठिवा," ती म्हणाली. आवाज आता मोठा नव्हता. "मी बोलत हुतो. म्हणून दाखवत नव्हतो."

"अगं, कौतुकानंच म्हणतेय मी. आम्ही आपलं साधं बोलतो, नॉर्मल. तुमच्या भाषेत कसा ठसका आहे."

"आमचंबी साधंच हाय की. घरात ठसका म्हणून कोण बोलतंय? भाकरी वाढ म्हणायला असंच म्हणतो आमी."

काकूनं मोबाइल खाली केला, पण पर्समध्ये ठेवला नाही. आता ऋतुराजची आई म्हणाली, "खरं सांगू? मला शांत सून हवी होती."

"ठावं हाय मला. म्हणूनच गप बसलो हुतो."

"म्हणजे इतके दिवस आम्हाला फसवलंत तुम्ही."

आण्णांनी घाईघाईनं कप खाली ठेवला आणि हात जोडायला घेतले. संयोगितानं त्यांचे हात धरून खाली केले. "आण्णा, तुमी कशाला? गप तर मी बसलो." मग ती समोर वळली. हॉल, पत्रिका, लोक काय म्हणतील, सगळं तिला समोर दिसत होतं. "फसवलं, खरं हाय. पर तुमीबी मला आजवर असं एक इचारलं न्हाय, की ज्याचं उत्तर हो-नाहीच्या पुढं जाईल. स्वैपाक येतो का? हो. घर आवडलं का? हो. रंग आवडला का? त्यालाबी हो. आता इचारा काय ते. मग ठरवा. मोडायचं असलं तर आजच मोडा, पर तिथं येऊन गप बसायचं मला जमणार न्हाय, आणि म्हणून दाखवायचं तर त्याहून न्हाय."

ऋतुराजच्या आईनं मुलाकडं पाहिलं. तो उठला, साड्यांच्या घड्या ओलांडत आला आणि संयोगिताच्या समोर बसला.

"मी विचारतो," तो म्हणाला. "तुला यायचंय का पुण्याला?"

"भावजी," वर्षाराणी न राहवून म्हणाली, "ह्येचंबी उत्तर हो-नाहीतच येतंय."

केरबाभाऊंना हसू आलं, त्यांनी ते साडीत लपवलं. ऋतुराज लाल झाला. जरा विचार करून म्हणाला, "बरं. पुण्याला येऊन तू काय करणार?"

आणि संयोगिता बोलायला लागली. पोरींचा कबड्डीचा संघ बांधणार म्हणाली. त्याच्या घरामागं म्हणे महापालिकेचं मैदान आहे, त्यानंच मेसेजमध्ये लिहिलं होतं, तिथं संध्याकाळी पोरी गोळा करणार. शिरोलीत पहिल्या वर्षी तिघीच यायच्या, त्यांच्या आया म्हणायच्या गुडघं फुटल्यावर लग्न कसं हुयाचं, त्या आयांच्या दारात जाऊन ती कशी भांडली. बोलता बोलता आवाज चढत गेला, हात हलायला लागले, आणि तो नुसता ऐकत राहिला. मधेच म्हणाला, "हे मेसेजमध्ये का नाही लिहिलंस?"

"ही लिहायची गोष्ट हाय व्हय?"

त्याच्या आईचा चेहरा अजून उतरलेलाच होता. त्या बाजूच्या ढिगातली पिस्ता साडी ओढून तिचा काठ चुरत राहिल्या. लग्न मोडतात की काय, असं मीनाबाईंना वाटलं आणि त्यांनी वर्षाराणीचा हात पकडला.

"मला सवय व्हायला वेळ लागेल," शेवटी त्या म्हणाल्या. "कदाचित होणारही नाही. ते मी आत्ताच सांगून ठेवते."

"सांगितलं ते बरं क्येलं," संयोगिता म्हणाली.

"आणि हा डाळिंबी तुला खुलेल, पण काठ फार रुंद आहे. याच रंगात बारीक काठाची घेऊ."

"न्हाय. रुंदच पायजे."

"लग्नात चौरंगावर बसायचंय, टोचेल तो."

"टोचू दे की. मला टोचणार."

"भाऊ, बारीक काठाची काढा."

"भाऊ, काढू नका."

केरबाभाऊ हात वर करून मधेच थांबले. एकदा इकडं बघितलं, एकदा तिकडं. मग त्यांनी दाराकडं मान करून चहा सांगितला, सगळ्यांना, आणि शांतपणे मांडी घालून बसले.