बॉडीला टेकलेला माझा पाय

हसू नका हं मित्रांनो, मी चिंचोक्याएवढाच आहे, पण माझीही एक गोष्ट आहे! मी एक जुना कंडेन्सर. पुस्तकात मला कपॅसिटर म्हणतात, दुकानात मात्र कंडेन्सरच. पिवळं अंग, अंगावर ०.०२२ असा आकडा आणि तारेचे दोन पाय. कारखान्यातून आम्ही हजारो भाऊ एकाच पट्टीवर चिकटून निघालो.

रांधा गावात वासंतीबाईंच्या शिवणाच्या दुकानात एक रेडिओ होता. त्याच्या पोटात मी सतरा वर्षं काढली. काम एकच. आवाजातला किरकिरा, टोकदार भाग एका पायाने घ्यायचा आणि दुसऱ्या पायाने रेडिओच्या पत्र्यात सोडून द्यायचा. "किती गोड वाजतो गं तुझा रेडिओ!" बायका म्हणायच्या. माझं नाव कुणी घेत नव्हतं, पण मला कळायचं कौतुक कुणाचं चाललंय ते!

मग रेडिओ बंद पडला. टोकरखाड्याला राहणाऱ्या गोकुळकाकांनी, म्हणजे एका कंपनीतल्या वायरमननी, त्याचे भाग सोडवले आणि बिस्किटाच्या डब्यात टाकले. सोडवताना माझे पाय निम्मे कापले गेले. जळक्या फ्यूजांच्या गर्दीत मी सहा वर्षं पडून होतो.

एका शनिवारी चार वाजता तो डबा धाडकन उपडा झाला.

"सापडला! शून्य दशांश शून्य दोन दोन!" ही काकांची दहावीतली मुलगी, दुर्गा.

"लॉटरी लागली का गं?" शेजारच्या श्रुतीने खिडकीतून विचारलं.

"त्याहून भारी!"

तिच्या जुन्या इलेक्ट्रिक गिटारमधला कंडेन्सर फुटला होता. आवाज तीक्ष्ण-मऊ करणारं टोनचं बटण कितीही फिरवा, आवाज काही बदलत नव्हता. सकाळीच शाळेतल्या संगीताच्या रजनी मॅडमनी बजावलं होतं, "दुर्गा, तुझी गिटार कानात टाचण्या टोचते. पाचच्या तालमीत गोड वाजली तर ठीक. नाहीतर मी गाण्यात पेटी घेते."

दुर्गाने माझा एक पाय बटणाच्या टोकाला तापल्या कथलाने सोल्डर केला, दुसरा त्याच बटणाच्या पत्र्याच्या पाठीला. अगदी बरोबर! रेडिओत मी असाच तर बसायचो.

तेवढ्यात काका ड्यूटीवरून आले. "काय करी राहिली व माय?" म्हणत त्यांनी गिटारच्या पोटात डोकावलं आणि त्यांचा चेहराच उतरला. "अगं, याचा पाय बॉडीला, पत्र्याला लागलाय! सरळ शॉर्ट!"

"पप्पा, थांबा, तो तिथेच..."

कट्! पकडीने माझा पाय कापला आणि वर टेप गुंडाळली.

"मागच्या महिन्यात आमच्या कंपनीतल्या काळूला मशीनच्या बॉडीचाच झटका बसला. चार दिवस हात उचलला जात नव्हता त्याचा. तू काय चिकटायची वाट बघते?" काका ओरडले.

मित्रांनो, मला तोंड असतं तर! दुर्गाने गिटार ॲम्प्लिफायरला जोडून छेडली. किरकिरा आवाज एका पायाने माझ्यात शिरत होता आणि बाहेर जायला वाटच नव्हती. तिने बटण फिरवून पाहिलं. दहा, पाच, शून्य. गिटार तशीच टोचत राहिली.

साडेचार वाजले.

आता ही रडणार, असं मला वाटलं. पण नाही! तिने पप्पांच्या पिशवीतून मीटर काढलं आणि त्यांच्याच हातात दिलं. "तुमच्या मशीनला किती व्होल्ट असतात?"

"चारशे पंधरा."

"आता इथे मोजा. मी वाजवते."

"दुर्गा, वेळ घालवू नको."

"मोजा ना पप्पा! माझ्यावर नसेल, पण मीटरवर तर विश्वास आहे ना?"

तिने सहाही तारा छेडल्या. मीटरचा आकडा शून्यापाशीच लुकलुकत राहिला.

"अगं, यात तर काहीच नाही. घड्याळाचा सेल बरा!"

"तेच तर! तार थरथरते, तेवढीच वीज. नको असलेला आवाज या पत्र्यातूनच बाहेर पडतो."

मग काकांनी ॲम्प्लिफायरची पिन आणि अर्थिंग स्वतः तपासलं, गिटार त्यापासून सोडवली आणि टेप काढली. माझा पाय आता तांदळाच्या दाण्याएवढा उरला होता. त्याला तारेचा तुकडा जोडायचा, आणि जरा जास्त तापलो की मी संपलो!

"मी धरतो, तू लाव. उचल म्हटलं की उचल."

चिमट्याने मला धरलं. सोल्डरिंगचं टोक जवळ आलं. चटका! कथलाचा थेंब वितळला.

"उचल!"

वाचलो. तुकड्याचं दुसरं टोक पत्र्याला बसलं. दुर्गाने गिटार पुन्हा ॲम्प्लिफायरला जोडली, तारा छेडत बटण फिरवलं आणि आवाजाची टोकं एकेक करून गळून पडली.

पाचला दोन मिनिटं कमी असताना काकांची बाईक शाळेत पोहोचली. रजनी मॅडमनी बटण स्वतः फिरवून पाहिलं. पुन्हा फिरवलं. "हं. पेटी ठेवून द्या. गिटार राहील."

"छान दुरुस्त केलंत हो," त्या काकांना म्हणाल्या.

"वायरिंग पोरीचं आहे, मॅडम," काका म्हणाले. "मी नुसतं धरलं. त्याआधी बिघडवलंही मीच."

मित्रांनो, आम्हाला खुशाल उघडा, आमच्या जागा बदला, नव्या कामाला लावा. मला तर मजाच येते! पण कापायच्या आधी एकदा विचारा, हा पाय इथे कुणी आणि का लावला असेल? आम्हाला सांगता येत नाही हो. आणि माझ्याकडे तर आता कापायला पायही उरलेला नाही.