शहाऐंशी किलो

"जरा पुढं घे... अजून चार बोटं... बस, थांब," कासिम म्हणाला आणि गुडघ्यांवर बसून त्याने चौथं चाक काट्याच्या मधोमध आलं की नाही ते बघितलं. गाडीच्या चारही चाकांखाली एकेक चपटा इलेक्ट्रॉनिक काटा होता. स्टीअरिंगमागे गोटीराम हेल्मेट घालून नवरदेवासारखा ताठ बसला होता.

"हात मांडीवर ठेव. आणि श्वास घे रे, श्वासाला वजन नसतं."

"फोटोला बसल्यावानी वाटतं, कासिम," गोटीराम म्हणाला.

वैदेहीने चार काट्यांच्या आकड्यांची मोबाइलवर बेरीज केली. मग कपाळाला आठ्या घालून पुन्हा केली. "पाचशे पंचाहत्तर," ती म्हणाली. "मागच्या वर्षी पाचशे नव्वद होती. कासिमभाई, पंधरा किलो काय काढलंत गाडीतून?"

कासिमने काहीच काढलं नव्हतं. गेल्या वर्षभरात त्या गाडीला त्याने पाना लावला होता तो फक्त ऑइल बदलायला. पण हे तिथे कोण ऐकून घेणार! दिलीप तर लगेच जमिनीवर आडवा होऊन गाडीच्या पोटाखाली बघायला लागला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. दोन वर्षांपूर्वी वजनाच्या दिवशी टाकीतलं अर्धं पेट्रोल काढून आलेला माणूस हाच.

हे सगळं चाललं होतं तळोज्यात, दिलीपच्या बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारात. शेडभोवती फिरणारा सिमेंटचा रस्ता चांगला सातशे मीटरचा होता आणि महिन्यातून एका रविवारी सकाळी तिथे 'हलकी मंडळी' जमायची. मंडळी म्हणजे नऊ जण आणि आठ गाड्या. या गाड्या शोरूममध्ये मिळत नाहीत. पेट्यांमधून पाइप, फायबरचे तुकडे आणि नटबोल्टच्या पिशव्या येतात; इंजिन कुठल्या तरी जुन्या छोट्या गाडीचं शोधायचं आणि घरी बसून स्वतः जोडायचं. दोन सीट, छप्पर नाही, दार नाही, एसीचं नावच नको. नंबरप्लेट मिळत नाही म्हणून रस्त्यावर आणायची सोय नाही, गाडी टेम्पोत बसून येते. कासिमची बायको शमसुन्निसा पहिल्यांदा ती बघून म्हणाली होती, "ही गाडी हाय की पाळणा?" पण त्यात बसून पहिलं वळण घेतलं की माणूस साठीत असला तरी हसायला लागतो, हे कासिमने नऊ वेळा बघितलं होतं.

आठ गाड्या आणि नऊ माणसं, कारण निळी गाडी दोघांची होती. कासिम आणि गोटीराम दोघांनी मिळून ती दोन वर्षं खपून जोडली. चालवायची गोटीरामने, डावीकडे बसायचं कासिमने. कोणी ठरवलं नव्हतं, पहिल्या दिवशी तसं झालं आणि मग तसंच राहिलं. गोटीराम खाडीकाठच्या गावातला. शेती आणि मिठागर शहर वसवण्यात गेलं, त्या जागी आता त्याची चार मजल्यांची बिल्डिंग होती आणि वेळ जाता जात नव्हता. कासिम पनवेलला तेहतीस वर्षं वजनकाटे दुरुस्त करत होता. किराणावाल्याचा, सोनाराचा, भंगारवाल्याचा, सगळ्यांचा काटा त्याच्या हाताखालून गेलेला. "काटा खोटं बोलत नाय, खोटं माणूस बोलतो," हे त्याचं ठरलेलं वाक्य होतं आणि मंडळींना ते पाठ झालं होतं.

मंडळींत वजन म्हणजे पाप. दिलीपने क्लचच्या पेडललासुद्धा भोकं पाडली होती. वैदेही महाप्याच्या मोठ्या कंपनीत इंजिनीअर, पण सीटमधला स्पंज काढून योगाच्या चटईच्या तुकड्यावर बसायची. दर जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी सगळ्या गाड्यांचं वजन व्हायचं, टाकी भरून आणि चालवणाऱ्यासकट. मागच्या वर्षीपेक्षा ज्याचं सगळ्यात जास्त उतरलं, त्याला वर्षभर पितळी पारडं. ते पारडं कासिमनेच दिलेलं, त्याच्या वडिलांच्या तराजूचं.

"काट्यातच घोळ असेल," दिलीप कपडे झटकत उठला.

हे मात्र कासिमला झोंबलं. त्याने टेम्पोतून सरकारी शिक्क्याची वीस वीस किलोची लोखंडी वजनं काढली आणि एकेका काट्यावर ठेवून सगळ्यांना दाखवली. वीस म्हणजे वीस. ग्रॅमचाही फरक नाही. मग त्याने गोटीरामला खाली उतरवलं आणि रिकामी गाडी पुन्हा काट्यांवर चढवली.

"पाचशे चार," वैदेहीने वाचलं. "मागच्या वर्षीपण रिकामी पाचशे चारच होती. म्हणजे..."

म्हणजे गाडी होती तशीच होती. कमी झाला होता गोटीराम. शहाऐंशीचा एकाहत्तर.

असा काही जल्लोष झाला! दिलीपने गोटीरामला मिठी मारली, कोणी तरी शिट्टी वाजवली. आजवर प्रत्येकाने गाडी खरवडली होती, स्वतःला कोणीच खरवडलं नव्हतं. आणि सगळ्यात जास्त छाती फुगली ती कासिमची, कारण हे खूळ त्याचंच होतं. गाडीतून एक किलो काढायला महिना जातो, तुझ्या पोटावरचे दहा फुकटात निघतील, असं तो वर्षभर गोटीरामच्या कानीकपाळी ओरडत होता. भात सोड, साखर सोड, सकाळी चाल. जूनमध्ये गोटीरामचा पट्टा दोन भोकं आत गेला तेव्हा कासिमने त्याची पाठ थोपटली होती. दिवाळीत शर्ट खांद्यावरून ओघळायला लागला तेव्हा तर अख्ख्या बाजाराला सांगितलं होतं, बघा, याला म्हणतात जिद्द. कासिम बोलायचा आणि गोटीराम मान हलवून हसायचा.

पारडं गोटीरामच्या हातात दिलं. त्यात वैदेहीने आणलेले बेसनाचे लाडू होते. गोटीरामने एक खाल्ला आणि दुसरा उचलला.

"अरे, डाएटचं काय?" कासिम म्हणाला.

"कनचा डायट?"

"भात, साखर... सोडलंस ना सगळं?"

गोटीरामने इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "आता पारडा हातात आला, तं सांगतो. तुला वाईट वाटंल म्हनून बोललो नाय. एक दिस पन भात सोरला नाय मी. भागी दोन टायम वाढते, मासली पन वाढते. सकाली चालाय जातो सांगून तलावावर बसतो. तरी आपोआप उतरला बग. देवाची किरपा."

तो लाडू खात होता आणि डोळे मिचकावत होता. कासिमला त्याचं तोंड दिसत होतं, पण पुढचं काही ऐकू येईना.

तेहतीस वर्षांच्या धंद्यात एक गोष्ट त्याला पक्की ठाऊक होती. गोणीचं तोंड बांधलेलं असेल, कोणी हात लावला नसेल आणि तरी वजन उतरत असेल, तर गोणीला कुठेतरी भोक असतं. हे तो व्यापाऱ्यांना सांगायचा, हसत हसत सांगायचा. आणि त्याच्या डोळ्यांदेखत वर्षभर एक माणूस गळत होता, तर त्याने टाळ्या वाजवल्या होत्या. त्याला स्वतःची इतकी शरम वाटली की मान वर करवेना.

"चल, राऊंड मारू," गोटीराम गाडीत शिरत म्हणाला. जिंकणाऱ्याने एक फेरी मारायची, असा रिवाज होता.

कासिम डावीकडे बसला. सगळ्यांसमोर काय बोलणार? गोटीरामने खांद्यावरचे पट्टे ओढले. ते पट्टे कासिमने त्याच्या मापाने शिवून घेतले होते. जिथे बक्कल बसायचं तिथे पट्ट्यावर काळी घडी पडली होती. आज गोटीराम ओढत गेला, ओढत गेला, घडी बक्कलमधून पार निघून गेली आणि वीतभर पट्टा नुसताच लोंबायला लागला. हे आजच झालं नव्हतं. दर महिन्याला झालं असणार, कासिमच्या शेजारी.

गाडी सुटली. गोटीराम नेहमीसारखाच चालवत होता, वळणाच्या आधी गिअर खाली, मग हलकेच पाय. पाठीला जमीन घासतेय असं वाटावं इतकी खालची सीट, चेहऱ्यावर वारा, कानात इंजिन. शेडच्या मागच्या लांब वळणावर मागची चाकं जराशी घसरली आणि गोटीरामने ती हसत सावरली. त्याला काय आनंद झाला होता! कासिमने डॅशबोर्डची कडा घट्ट धरली होती आणि तो मनातल्या मनात एकच मागत होता, काटा चुकू दे. आयुष्यात पहिल्यांदा एकदा तरी काटा चुकू दे.

शेडच्या सावलीत गाडी थांबली. बाकीचे लांब होते.

"उद्या डॉक्टरकडे जायचं," कासिम म्हणाला.

"कोनाला?"

"तुला. मी सकाळी आठला येतो."

"पारडा जिकला मी, आन तू डॉक्टरकडं नेतोस?" गोटीराम हसला. मग त्याने हेल्मेट काढलं आणि कासिमकडे नीट बघितलं. "तुजं तोंड असा का झालाय?"

"पाठ दुखते अजून?"

"दुखते. रातची जास्त. तूच बोललास ना, सीट कडक हाय म्हनून."

कासिमला आठवलं, ऑगस्टमध्ये खरंच तो तसं बोलला होता. वर एक उशीही दिली होती, हलकी बघून.

एक हात गोटीरामने दुसऱ्या हाताच्या मनगटाभोवती धरला आणि बोटं किती सैल बसतात ते बघितलं. "मना वाटलेला," तो हळूच म्हणाला. "दोन-तीन म्हयन्यापासून वाटलेला. पन तू एवढा खूश व्हायचास."

दुसऱ्या दिवशी तपासण्या झाल्या, त्यानंतर आणखी तपासण्या झाल्या. स्वादुपिंड म्हणून एक अवयव असतो हे कासिमला तेव्हा कळलं. डॉक्टर चांगले होते, त्यांनी आडपडदा ठेवला नाही. उशीर झालाय, ते म्हणाले. हे वाक्य ते गोटीरामच्या बायकोकडे, भागीरथीवहिनींकडे बघून बोलले, पण कासिमच्या छातीत ते जे रुतलं ते रुतलंच. वहिनींनी त्याला एका शब्दाने दोष दिला नाही. देत्या तर बरं झालं असतं.

दर आठवड्याला तो गोटीरामला दवाखान्यात घेऊन जायचा. आत जाण्याआधी नर्स वजन घ्यायची. पहिल्या वेळी कासिमने सवयीने काट्याची पातळी तपासली, त्याचा शून्य आकडा बघितला. नंतर तो काट्याकडे बघेनासा झाला. नर्स आकडा मोठ्याने बोलायला लागली की तो दारावरच्या पाट्या वाचायचा. गोटीरामला आता काट्यावर चढताना धरावं लागायचं आणि धरलं की हातालाच वजन कळायचं, त्याला काट्याची गरज नव्हती.

"कासिम, आज किती रं?" जुलैत एकदा काट्यावर उभ्या उभ्याच गोटीरामने विचारलं.

"दिसलं नाय. चष्मा विसरलो."

चष्मा त्याच्या नाकावरच होता. गोटीरामने त्या चष्म्याकडे बघितलं, मग मान हलवून हसला, वर्षभर हसायचा तसाच.

गणपती गेले, त्याच्या दुसऱ्या आठवड्यात गोटीराम गेला.

जानेवारीचा दुसरा रविवार आला. मंडळींनी निळी गाडी टेम्पोतून उतरवली. भागीरथीवहिनी आल्या होत्या, पारडं परत करायला. त्यांनी ते चिंचेने घासून लख्ख केलं होतं. चालवणारा हजर नसेल तर त्याच्या वजनाइतकी वाळूची गोणी सीटवर ठेवायची, असा मंडळींचा नियम होता. आजारपणात, परगावी गेल्यावर, सगळ्यांसाठी तोच.

वैदेही मोबाइल घेऊन जवळ आली. "कासिमभाई, शेवटचं लिहिलेलं वजन एकाहत्तर आहे. तेवढीच भरायची ना?"

कोपऱ्यातल्या ढिगातून कासिमने फावड्याने वाळू भरायला घेतली. काट्यावर गोणी ठेवून तो भरत राहिला. एकाहत्तर झालं, तो थांबला नाही. ऐंशी झालं. मग फावडं ठेवून तो ओंजळीने टाकू लागला, आणि आकडा आला तेव्हा त्याने गोणीचं तोंड सुतळीने बांधलं.

"शहाऐंशी," तो म्हणाला. "लिही."

वैदेहीने लिहिलं. नियमाचं कोणी काही बोललं नाही, दिलीपसुद्धा नाही. त्याने पुढे होऊन गोणीचं दुसरं टोक धरलं आणि दोघांनी ती उजव्या सीटवर ठेवली. कासिमने खांद्याचे पट्टे वरून घेतले आणि बक्कल लावलं. ओढावं लागलं नाही. काळी घडी बक्कलमध्ये आपली आपण जाऊन बसली.

चार काट्यांची बेरीज पाचशे नव्वद झाली. पारडं त्या वर्षी वैदेहीला मिळालं.

गाडी काट्यांवरून उतरवायची होती, पण चालवणाऱ्याची जागा भरलेली होती आणि गोणी हलवू या, असं कोणीच म्हणालं नाही. मंडळी मागून ढकलायला लागली. कासिम डावीकडून वाकून, एक हात स्टीअरिंगवर ठेवून चालत होता. भागीरथीवहिनी दुसऱ्या बाजूने चालत होत्या. शेडच्या वळणावर गोणी जराशी कलली, तेव्हा त्यांनी हात पुढे करून तिला सावरलं आणि हात तसाच राहू दिला.